पुण्याचं येणं-जाणं : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

३ जून २०२५, मंगळवार

कामाला सुरुवात झाली. हाताशी दोन प्रकारचा डेटा आहे. पहिला पुण्याचा. भोसरी, हिंजवडी, पेठा, पर्वती पायथा आणि हडपसर इथल्या काही लोकांनी लेखी संमती देऊन आमचं नोंदणीचं ॲप फोनमध्ये चालू ठेवलं आहे. दर थोड्या सेकंदांनी एक ठिपका पडतो आणि त्यात वेळ, अक्षांश, रेखांश आणि अचूकता नोंदली जाते. दुसरा डेटा जपानचा. वायजेमॉब१००के या नावाने तो संशोधकांसाठी खुला आहे. एका महानगरातल्या १ लाख लोकांच्या ७५ दिवसांच्या हालचाली, ५०० मीटरच्या चौकोनांत आणि अर्ध्या तासाच्या खान्यांत बसवलेल्या. शहर कुठलं आणि तारखा कुठल्या हे मुद्दाम झाकून ठेवलेलं आहे.

दोन्ही का लागतात, ते लिहून ठेवते. पुण्याचा डेटा थोडा पण खोल. जपानचा अफाट पण धूसर. एखादी पद्धत लाखभर लोकांवर टिकते का हे जपानच्या डेटावर बघायचं, आणि ती जे सांगते ते खरं आहे का हे पुण्यात माणसांना विचारून ताडायचं. जपानमधल्या त्या लाखातल्या एकालाही "काल दुपारी तुम्ही तिथे काय करत होतात?" असं विचारता येत नाही. पर्वतीच्या पायथ्याला जाऊन विचारता येतं.

ऑगस्टमध्ये एका नागरिक गटाला टिपण द्यायचं आहे. त्यांचा प्रश्न मला फार आवडला: दुपारी ११ ते ५ या वेळात पुण्यात कोण, कुठून कुठे जातं? सकाळ-संध्याकाळच्या कोंडीवर सगळेच बोलतात, दुपारबद्दल कोणी विचारत नाही.

आजचा दिवस साफसफाईत गेला. पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५.५ किलोमीटर. त्यामुळे दशांशचिन्हानंतरचा चौथा अंक ढोबळमानाने दहा-अकरा मीटरचा आणि तिसरा शंभरेक मीटरचा फरक दाखवतो. अचूकता १०० मीटरपेक्षा वाईट असलेले ठिपके बाजूला काढले. पेठांतल्या बोळांत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि शनिवार पेठेत घरी बसलेला माणूस नकाशावर नदीपात्रात उतरतो. मेट्रोचं वेगळंच. शिवाजीनगरला भुयारात शिरलं की माग तुटतो तो थेट स्वारगेटला उगवतो. मधले जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई हे नोंदीत येतच नाहीत. अशा तुटलेल्या मागाला 'मेट्रो असावी' अशी खूण करून ठेवली.

७ जून, शनिवार

जपानचा संच उघडला. तारखा झाकलेल्या, दिवसांना नुसते ० ते ७४ असे आकडे. तरी घराबाहेरच्या हालचालींची रोजची बेरीज मांडली की सात दिवसांची लय लगेच वर येते. पाच दिवस एक चाल, दोन दिवस दुसरी. तारीख पुसता आली, आठवडा पुसता आला नाही.

या क्षेत्रातले मोठे टप्पे आमच्या नव्या विद्यार्थिनीसाठी थोडक्यात टिपते. माणसांच्या मोठ्या प्रमाणावरच्या हालचालींचा अभ्यास नोटांवरूनही झाला आहे. अमेरिकेत लोक डॉलरच्या नोटांचे क्रमांक एका संकेतस्थळावर नोंदवत. त्या नोटा कुठून कुठे गेल्या यावरून ब्रॉकमन, हुफनागेल आणि गायझेल यांनी २००६ मध्ये 'नेचर'मध्ये लेख लिहिला. नोट मात्र हातोहात फिरते, तिला स्वतःचं घर नसतं. २००८ मध्ये गोन्झालेझ, हिदाल्गो आणि बाराबाशी यांनी १ लाख मोबाइलधारकांची सहा महिन्यांची नोंद घेतली आणि दाखवलं की माणूस दिसतो तितका स्वैर फिरत नाही. तो मोजक्या जागांकडे पुन्हा पुन्हा परततो. २०१० मध्ये बाराबाशींच्याच गटाने 'सायन्स'मध्ये आणखी पुढचं मांडलं: माणूस पुढच्या तासाला कुठे असेल, याचा अंदाज तत्त्वतः ९३ टक्क्यांपर्यंत बरोबर येऊ शकतो.

हा ९३ चा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. तो कुठल्या आकाराच्या चौकोनावर काढलाय, हे मात्र कोणी सांगत नाही. मोबाइल टॉवरचं क्षेत्र या अभ्यासांत सरासरी ३ चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. पुण्यात ३ चौरस किलोमीटर म्हणजे बऱ्याचशा पेठा एका खान्यात. तिथे माणूस 'जागचा हलला नाही' असं बरोबर ओळखणं फार अवघड नाही.

१२ जून, गुरुवार

भोसरीच्या गटाचा आलेख आज पहिल्यांदा वारानुसार लावला. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, यांचा रविवार गुरुवारी येतोय." बरोबर आहे. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वीजपुरवठ्याचा भार वाटून घेण्यासाठी वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार नेमून दिले, त्यातून ही पद्धत बसली.

हे पुण्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण आम्ही वापरतो त्या तयार कोडमध्ये 'कामाचा दिवस' म्हणजे सोमवार ते शुक्रवार असं पक्कं धरलेलं आहे. तसंच चालवलं तर भोसरीचा कामगार दर आठवड्याला एक दिवस कामावर दांडी मारतो आणि रविवारी अकारण कारखान्यात जातो, असं उत्तर येतं. पुढे त्याला 'अनियमित' गटात टाकलं जातं. प्रत्यक्षात तो घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस आहे.

उपाय सोपा निघाला. वार आधी ठरवायचाच नाही. प्रत्येकाच्या सात दिवसांच्या मागातून त्याचा सुट्टीचा दिवस शोधायचा. मार्केट यार्डातल्या हमालाचा तो शनिवारी निघेल, सलूनवाल्याचा सोमवारी.

संध्याकाळी हेच जपानच्या डेटावर चालवलं. तिथेही पाच-दोनच्या लयीत न बसणारा एक ठळक गट आहे. तो कोणाचा हे कधीच कळणार नाही. दुकानदार असतील, परिचारिका असतील, बसचालक असतील. पण गट आहे, आणि मोठा आहे.

१७ जून, मंगळवार

जनगणनेची अधिसूचना काल निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. त्या निमित्ताने २०११ च्या जनगणनेतला कामावर जाण्याच्या प्रवासाचा तक्ता पुन्हा काढला. घर ते कामाचं ठिकाण किती अंतर आणि कशाने जाता, असे दोन प्रश्न. शहरांतल्या रोजच्या प्रवासावर इतका व्यापक दुसरा सरकारी स्रोत नाही, म्हणून त्याचं मोल मोठं आहे. पण त्यात कामाचं ठिकाण एकच धरलेलं आहे. हे आज फक्त नोंदवून ठेवते.

२२ जून, रविवार

दोन्ही पालख्या शुक्रवारी पुण्यात आल्या, काल मुक्काम झाला, आज पहाटे निघाल्या. माउलींची दिवे घाटाने सासवडला, तुकोबांची लोणी काळभोरला. हडपसरपर्यंत वाट एकच, त्यामुळे आमचे हडपसरचे लोक सकाळपासून रस्त्यावरच होते. कोणी दर्शनाला, कोणी पाणी वाटायला.

शुक्रवारचा माग फार बोलका आहे. संचेती चौक, फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता या वाटेवर ठिपके दाट होत जातात. थांबा ओळखायचा प्रचलित नियम असा की २०० मीटरच्या आत २० मिनिटं किंवा जास्त राहिलात तर तो थांबा. पालखीसोबत चालणारा माणूस गर्दीत इतका सावकाश सरकतो की फर्ग्युसन रस्त्यावर त्याचे ओळीने थांबे पडतात. संगणकाच्या मते तो दर दोनशे मीटरवर कुठेतरी कामाला गेला. त्याची वाटचाल अशी तुकड्यातुकड्यांची होते.

हे तीन दिवस 'नेहमीच्या' सरासरीतून वगळायचे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. माझा आग्रह एवढाच होता की त्यांना बिघाड म्हणून टाकून देऊ नये. संपूर्ण शहराच्या हालचालीचा इतका नियमित, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आकृतिबंध पुण्यात दुसरा सापडणार नाही. तो इंग्रजी तारखेला बांधलेला नाही, म्हणून यंत्राला दिसत नाही. आषाढी २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, यंदा ६ जुलैला. वर्षावर्षांची तुलना तारखेने केली तर दरवर्षी नव्याच जागी खळबळ दिसणार. म्हणून डेटात तिथीचा एक रकाना वाढवला. ज्येष्ठ वद्य पक्षातले हे दिवस एकाखाली एक ठेवले की लय लागते. गणपतीत हाच रकाना पुन्हा कामाला येईल.

२६ जून, गुरुवार

दोन भागांतली ये-जा लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराने घटते. हा गुरुत्वाकर्षणासारखा नियम जुना आहे. झिफ यांनी १९४६ मध्ये तो शहरांच्या बाबतीत मांडला, स्थलांतरात अंतराचा वाटा काय हे रेव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्येच लिहिलं होतं. पुण्यावर लावला तर कोथरूड आणि पाषाण यांच्यात भरपूर वाहतूक दाखवतो, कारण सरळ रेषेत दोन्ही जवळ आहेत. मध्ये वेताळ टेकडी आहे. गाडीने जायचं तर चांदणी चौकाकडून किंवा सेनापती बापट रस्त्याने वळसा. सरळ अंतर काढून टाकलं, रस्त्याचं अंतर घातलं.

टेकडीवर पहाटे जाणाऱ्यांचे माग मात्र सुंदर आहेत. घरून निघून घरीच परतणारे, कुठेही न थांबणारे. 'गंतव्य' नावाच्या रकान्यात त्यांना काहीच लिहिता येत नाही. रिकामा ठेवला.

२ जुलै, बुधवार

घर आणि कामाची जागा ओळखायचा नियम आज तपासला. प्रचलित रीत अशी: रात्री १० ते सकाळी ६ या वेळात सर्वात जास्त ठिपके जिथे ते घर, दिवसा जिथे ते काम. कोट्यवधी लोकांच्या डेटावर हाच नियम डोळे झाकून चालवला जातो, कारण बहुतेकांच्या बाबतीत तो खरा ठरतो.

आमच्या हिंजवडी गटात एक सुरक्षारक्षक दादा आहेत. रात्री ८ ते सकाळी ८ अशी बारा तासांची ड्यूटी. नियमाने त्यांचं घर ठरलं कंपनीचं फाटक आणि ऑफिस ठरली त्यांची माणमधली भाड्याची खोली. म्हणजे एक माणूस आयटी पार्कात राहतो आणि रोज सकाळी कामासाठी गावात जातो! फोन करून विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "घर तिथं असतं तर बरंच झालं असतं ताई, पाठ तरी टेकली असती."

यात नुसत्या नावांची अदलाबदल होत नाही. पहाटे आणि रात्री उशिरा बस कुठल्या दिशेने हवी, याचं उत्तरच उलटं येतं. सकाळी आठला हिंजवडीतून बाहेर पडणारे हे लोक आत येणाऱ्या लोंढ्याच्या विरुद्ध जातात. भोसरीत तर फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्ट आठवड्याआड बदलते. एकाच माणसाचे तीन वेगवेगळे आठवडे. महिन्याची सरासरी काढली की तो कुठल्याच शिफ्टमधला राहत नाही.

नवा नियम: घड्याळ बघायचं नाही. आठवड्यात सलग आणि सर्वात लांब मुक्काम जिथे पडतो आणि सुट्टीच्या दिवशीही जिथे पडतो, ते घर. सुट्टीचा दिवस कुठला हे १२ जूनच्या कामातून आधीच मिळालेलं आहे. दादांच्या बाबतीत उत्तर बरोबर आलं.

९ जुलै, बुधवार

आज पर्वतीच्या पायथ्याला गेलो होतो. वस्तीचं नाव या नोंदीत घालत नाही. कारण खाली येईलच.

घरकाम करणाऱ्या मावशींच्या घरी बसलो. त्यांच्या फाइलमध्ये गेल्या मंगळवारी दिवसभर एकच ठिपका होता, घराचा. संगणकाचं म्हणणं, त्या कुठेही गेल्या नाहीत.

"मावशी, ॲपच्या हिशोबाने मंगळवारी तुम्ही घरीच होतात."

"घरी? अगं बाई! मंगळवारी माझी पाचही कामं झाली. सहाला निघाले ती साडेबाराला आले. परत चारला पोळ्यांचं काम."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन बोटांनी नकाशा मोठा केला. आधी शाळा शोधली, शाळेवरून गल्ली, गल्लीवरून इमारत. "हे पहिलं काम. धुणं-भांडी, पाऊण तास. दुसरं ह्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. तिथं नुसता केर-फरशी. मग हा रस्ता ओलांडला की ह्या बंगल्यात आजी एकट्या आहेत, त्यांचं सगळं. चौथं मागच्या गल्लीत." बोट नकाशावरून सरकत होतं ते सगळं मिळून हाताच्या तळव्याएवढ्या जागेत. पाचवं काम तेवढं लांब, सहकारनगरात. "तिकडं फोन नेत नाही. पोरीचा अभ्यास असतो त्यावर."

परत येऊन कच्चे ठिपके उघडले. पाचवं काम सोडून सगळं आहे! सकाळी सहापासून, इमारतीपासून इमारतीपर्यंत. मूळ नोंदीत मावशींचा बाकीचा दिवस जसाच्या तसा पडलेला आहे. तो नाहीसा होतो तो आमच्या प्रक्रियेत, आणि एकदा नव्हे तर पायरीपायरीने. चारही घरं एकमेकांपासून २०० मीटरच्या आत, म्हणून थांबा ओळखण्याच्या नियमात चारांचा एकच थांबा झाला. पुढे ५०० मीटरच्या चौकोनात टाकलं तेव्हा तो थांबा आणि त्यांचं घर एकाच चौकोनात आलं. शेवटी 'घरी' असा शिक्का बसला. एकाच इमारतीतली दोन कामं तर कुठल्याच नियमाने वेगळी होणार नाहीत, कारण मजला जीपीएसला नीट कळत नाही. आणि पाचवं काम फोनबरोबर घरीच राहिलं.

फोन म्हणजे माणूस असं धरून चालणं किती महागात पडतं, यावर केनियात काम झालेलं आहे. फोन कोणाकडे असतो आणि कोणाकडे नसतो, याने हालचालींचे अंदाज कसे बदलतात ते संशोधकांनी तिथे पाहिलं. पण आमच्याकडे प्रश्न आणखी बारीक आहे. फोन आहे, रोज चालू आहे, आणि दुपारी तो दुसऱ्याचा आहे.

दिवसभर हेच डोक्यात घोळतंय. दुपारी पुण्यात कोण चालतं, हा आमचा मूळ प्रश्न. साडेबाराला परतणाऱ्या, चारला पुन्हा निघणाऱ्या या बायकाच तर त्या दुपारच्या. आणि आमच्या तक्त्यात त्या घरी झोपलेल्या आहेत.

१० जुलै, गुरुवार

कालचं आकड्यांत मांडून पाहिलं. माणसाच्या वावराची त्रिज्या हे या क्षेत्रातलं लाडकं माप आहे. सगळ्या ठिकाणांचा मध्य काढायचा आणि माणूस त्यापासून सरासरी किती लांब असतो ते मोजायचं. समजा, घर आणि ऑफिस यांत २० किलोमीटर अंतर आहे, दोन तृतीयांश वेळ घरी आणि एक तृतीयांश ऑफिसात जातो. त्रिज्या येते सुमारे ९.४ किलोमीटर. असा माणूस दिवसाला दोन फेऱ्या करतो, एसी गाडीत बसून. मावशींच्या सकाळच्या कामांची त्रिज्या अर्धा किलोमीटरसुद्धा भरत नाही. यादी लावली तर त्या तळाशी, 'अल्प हालचाल' गटात. ते माप पसरलेपण मोजतं आणि त्या कामी ते चोख आहे. दिवसभरात किती दारं ओलांडली, किती जिने चढले, हे त्याने सांगावं अशी अपेक्षा आपण ठेवतो तिथे गडबड होते.

एन्ट्रॉपीचंही, म्हणजे अनिश्चिततेच्या मापाचंही, तसंच. २०१० च्या त्या लेखात प्रत्यक्ष एन्ट्रॉपी ०.८ बिटच्या आसपास निघाली होती, म्हणजे पुढच्या तासाला माणूस कुठे असेल याबद्दलची अनिश्चितता दोन जागांपेक्षाही कमी. मावशींचा माग ५०० मीटरच्या चौकोनात टाकला तर अनिश्चितता जवळपास शून्य, कारण त्या 'हलतच नाहीत'. कच्च्या ठिपक्यांवर, इमारतीनुसार काढलं तरी ती कमीच येते, पण वेगळ्या कारणाने: त्यांची वेळ ठरलेली आहे. सव्वासातला त्या कुठे असतील हे कोणालाही सांगता येईल. पहिल्या उत्तरात त्या स्थिर आहेत, दुसऱ्यात वक्तशीर. दोन्हींचा आकडा शेजारी शेजारी बसतो, आणि नुसता आकडा वाचणाऱ्याला फरक कळायला मार्ग नाही.

यापुढे अंदाजक्षमतेचा कुठलाही आकडा चौकोनाच्या मापाशिवाय लिहायचा नाही, असं ठरलं.

१८ जुलै, शुक्रवार

थांब्याचा नियम बारीक केला. २०० मीटर आणि २० मिनिटांच्या जागी ५० मीटर आणि १० मिनिटं. मावशींची घरं सुटी झाली, एका इमारतीतली दोन सोडून. पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. विद्यापीठ चौकात संध्याकाळी दहा मिनिटं अडकलेला प्रत्येक जण तिथे 'थांबला'. गणेशखिंड रस्ता थांब्यांनी भरून गेला.

सहकाऱ्याने सुचवलं की ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते घेऊ आणि रस्त्याच्या मध्यरेषेजवळ पडलेले थांबे गाळून टाकू. तयार उपाय आहे, बरेच जण वापरतात. मी अडवलं. रस्ता हीच ज्यांची कामाची जागा आहे त्यांचं काय? पथारीवाले, चौकातले ट्रॅफिक पोलीस, फुलं विकणाऱ्या बायका, स्टँडला रिक्षा लावून बसलेले. मावशींना परत आणायचं आणि त्यांना घालवायचं, हे बरोबर नाही. दुपारी रस्त्यावर असणारे तेच लोक आहेत.

बरीच चर्चा होऊन वाट निघाली ती पुनरावृत्तीची. कोंडीत अडकलेला माणूस रोज त्याच पाच-दहा मीटरांत अडकत नाही, कधी सिग्नलच्या अलीकडे, कधी पुलाखाली. फुलवाली रोज त्याच जागी असते. तेव्हा रस्त्यावरचा थांबा एकदाच आला तर गाळायचा, अनेक दिवस त्याच जागी आला तर ठेवायचा. अनेक दिवसांचे थांबे एकत्र करून दाट पुंजके शोधायला १९९६ पासून चालत आलेली डीबीस्कॅन पद्धत आहेच. तीच वापरली, त्रिज्या ५० मीटर.

तपासायला मंडईजवळच्या एका विक्रेत्या काकांचा माग घेतला. सकाळी मार्केट यार्ड, मग दिवसभर एक जागा, शनिवारी यार्ड नाही. जागा बरोबर, वेळ बरोबर. काकांना दाखवलं तर त्यांनी एक दिवसही दुरुस्त केला नाही.

जपानच्या डेटावर यातलं काहीच करता येत नाही. तिथे ५०० मीटर आणि अर्धा तास आधीच ठरलेलं आहे, त्याच्या आतलं जग बंद. गोपनीयतेसाठी ते तसं असणं योग्य आहे. फक्त त्यावरून निघालेल्या निष्कर्षांत अर्धा किलोमीटरच्या आत काम करणारी माणसं नसतात, हे प्रत्येक ठिकाणी सांगायला हवं.

२५ जुलै, शुक्रवार

आता अवघड भाग. जितकं बारीक पाहावं तितका माणूस ओळखू येतो. द मॉन्तजोय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदींवर दाखवलं की जागा आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू ठाऊक असले तर ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येतात. नाव काढून टाकून काही होत नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये बाहेर आला तेव्हा परवाना क्रमांक सांकेतिक केलेले होते, तरी ते उलगडले गेले. २०१८ मध्ये स्ट्रावा या व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर धावणाऱ्या सैनिकांच्या वाटांवरून लष्करी तळ उघडे पडले. त्या नकाशात एकाही व्यक्तीचं नाव नव्हतं.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, संमतीपत्र त्याच्या धर्तीवरच केलं आहे. पण संमती मावशींची आहे. त्यांचा माग ज्या पाच घरांतून जातो, त्या घरांची नाही. एकट्या राहणाऱ्या आजींच्या बंगल्यात बाई किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे त्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे. मावशींची काळजी वेगळी होती. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "एका बाईला दुसरीकडं किती वेळ देते ते कळायला नको. लगेच हिशोब सुरू होतो." कुठल्याही लेखात ही अडचण मी वाचलेली नाही.

बारीक नकाशा छापता येत नाही, जाड नकाशात त्या दिसत नाहीत. मग नकाशाच नको, असं ठरवून दुसऱ्या बाजूने गेलो. श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये माणसाच्या दिवसाची नुसती आकृती काढली होती. ठिकाणं म्हणजे बिंदू, जाणं-येणं म्हणजे बाण. कुठलं ठिकाण, किती लांब, काहीच ठेवायचं नाही. अवघ्या १७ आकृत्यांत ९० टक्क्यांपर्यंत लोकांचे दिवस बसले. सर्वात जास्त आढळणारी म्हणजे दोन बिंदूंची: घर, काम, घर.

मावशींचा दिवस तसा काढला. घरातून बाण पहिल्या कामाकडे, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, मग घर, किराणा दुकान, घर, पोळ्यांचं काम, घर. एकाच इमारतीतलं दुसरं काम आणि सहकारनगरचं पाचवं त्यांनी सांगितल्यावर हाताने भरलं. मोठं कडं आणि त्याला दोन छोटी कानं. बहुतेक लोक दिवसाला सातपेक्षा कमी ठिकाणी जातात, असं त्या अभ्यासात होतं. मावशींची ठिकाणं त्याहून जास्त. वावराच्या त्रिज्येच्या यादीत तळाला असलेली व्यक्ती या यादीत सर्वात वर आली. आणि आकृतीत ना वस्ती आहे, ना बंगला, ना घड्याळ.

विद्यार्थिनीने बाकीच्यांच्या आकृत्या भिंतीवर लावल्या. हिंजवडीचे बहुतेक दोन-तीन बिंदूंचे. पर्वती पायथ्याच्या बायकांची कडीच कडी. त्यांच्यात शाळेतून मूल आणणाऱ्या आहेत, डबे पोचवणाऱ्या आहेत. टेकडीवर जाणाऱ्यांचा एकच बिंदू आणि स्वतःकडेच वळणारा बाण. २६ जूनला रिकामा ठेवलेला तो रकाना इथे भरला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

नागरिक गटाला टिपण दिलं. त्यात पुण्याचा एकही बारीक नकाशा नाही. आकृत्या आहेत, आणि प्रत्येक आकृतीपुढे ती दिवसाच्या कुठल्या भागात जास्त आढळते ते: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. एका आकृतीत ठरावीक संख्येहून कमी लोक असतील तर ती छापायची नाही, हा नियम पाळला. त्यामुळे स्वतः मावशींची आकृती टिपणात नाही. तिच्यासारख्या, पाच किंवा जास्त ठिकाणांच्या कड्यांचा एकत्र गट आहे. मावशींना फोन करून हे सांगितलं.

गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो बसमार्गांचा. मी म्हटलं, या माहितीवरून सर्वात आधी फूटपाथ आणि रस्ता ओलांडायच्या जागा मागा. दुपारच्या लांब कड्यांतले बहुतेक बाण इतके छोटे आहेत की त्यांवर बस धावणारच नाही, ते पायी आहेत. एका सदस्य काकांना हे पटलं नाही. पायी चालणं म्हणजे प्रवासच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. अर्धा तास त्यावर गेला. शेवटी टिपणात दोन्ही मागण्या घालायच्या ठरल्या, फूटपाथ आधी.

जनगणनेत कामाचं ठिकाण एकाहून जास्त असू शकतं, याची सोय प्रश्नातच असावी, असं निवेदन त्याच टिपणाला जोडलं आहे. मसुदा विद्यार्थिनीने लिहिला आणि फार नेटका लिहिला.

उरलेली कामं: तिथीचा रकाना गणपतीआधी पूर्ण करणं, २७ ऑगस्टला चतुर्थी आहे. भोसरीच्या तिन्ही शिफ्ट वेगळ्या काढणं. दुपारी फोन घरी ठेवून जाणाऱ्यांसाठी कागदी रोजनिशी. मावशी म्हणाल्या, लिहायला पोरगी बसेल, मी सांगेन. रोजनिशीचा नमुना सोमवारपर्यंत छापून घ्यायचा आहे, अक्षर मोठं, रकाने कमी.